पंडितवाद आणि ग्रंथांचे जतन

ग्रंथ जपून ठेवणे आणि ग्रंथाची आज्ञा मानणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तत्त्वतः कोणीही मान्य करील. परंतु भारतीय धर्मजीवनात त्या एकमेकींत इतक्या मिसळून गेल्या आहेत की, जी पोथी प्रमाण आहे तीच बासनात बांधून जपायची आणि जी प्रमाण नाही तिची काळजी वाहण्याचे कारण नाही, अशी समजूत नकळत रूढ झाली आहे. या समजुतीमुळे एक मूलभूत प्रश्न सहसा विचारलाच जात नाही. जी विचारपरंपरा कोणत्याही ग्रंथाला, स्वतःच्या ग्रंथालासुद्धा, अंतिम प्रामाण्य देत नाही, आणि जी सर्व संस्कारित वस्तूंना अनित्य मानते, तिने ग्रंथ जपावेत तरी कशासाठी? मराठवाड्यात हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही, कारण तेथील एका महाविद्यालयाने आपले नावच अशा परंपरेतील एका ग्रंथावरून घेतले आहे.

छत्रपती संभाजीनगरच्या क्रांती चौकापासून काही किलोमीटरच्या अंतरावर, छावणी आणि बौद्ध लेणी यांच्या दरम्यानच्या भागात, नागसेनवन नावाचा शैक्षणिक परिसर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले आणि त्यानंतर चार वर्षांनी, जून १९५० मध्ये, तेव्हा औरंगाबाद म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या शहरात दुसरे महाविद्यालय उघडले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली, आणि म. भि. चिटणीस हे त्याचे पहिले प्राचार्य होते. निजामी राजवट सप्टेंबर १९४८ मध्ये संपुष्टात आली, तेव्हा मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अत्यंत तुटपुंजी होती. हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात उर्दू माध्यमातून शिकणे हा मार्ग मूठभरांनाच परवडणारा होता. ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या अक्षराला प्रवेश नव्हता, त्या घरांतील मुले या महाविद्यालयाच्या निमित्ताने प्रथमच ग्रंथालयाच्या देवघेव खिडकीसमोर उभी राहिली, ही घटना ग्रंथ आणि धर्म यांच्या संबंधाचा विचार करताना विसरता येण्यासारखी नाही.

महाविद्यालयाला ज्याचे नाव दिले गेले तो मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा मिनँडर हा ग्रीक वंशाचा राजा होय, आणि परिसराला ज्याचे नाव मिळाले तो नागसेन म्हणजे त्या राजाच्या शंकांना उत्तरे देणारा बौद्ध भिक्खू होय. या दोघांचा संवाद ‘मिलिंदपञ्ह’, म्हणजे मिलिंदाचे प्रश्न, या पाली ग्रंथात आला आहे. या ग्रंथाच्या आरंभी, चर्चा खऱ्या अर्थाने सुरू होण्यापूर्वी, नागसेन राजाला एक अट घालतो. राजा पंडितांप्रमाणे वाद करणार असेल तर आपण वादाला तयार आहोत, राजांप्रमाणे करणार असेल तर नाही, असे तो सांगतो. पंडितवादात एकाने केलेली मांडणी दुसरा उलगडतो, दोष दाखवतो, प्रतिपक्ष उभा करतो आणि तरीही कोणी रागावत नाही. राजवादात राजा एक मत मांडतो आणि जो ते मान्य करीत नाही त्याला दंड करण्याची आज्ञा देतो. मिलिंदाने पंडितवादाची अट स्वीकारली आणि त्यानंतरच संवाद पुढे गेला. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्यालयाला आणि उत्तर देणाऱ्याचे नाव भोवतालच्या भूमीला मिळावे, यात शिक्षणाविषयीची एक निश्चित भूमिका आहे.

ही भूमिका समजण्यासाठी भारतीय दर्शनांतील प्रामाण्याची चर्चा थोडक्यात पाहिली पाहिजे. यथार्थ ज्ञान ज्या साधनाने मिळते त्याला ‘प्रमाण’ म्हणतात. पूर्वमीमांसा दर्शनाने वेद हे अपौरुषेय, म्हणजे कोणाही पुरुषाने न रचलेले, मानले आणि रचणाराच नसल्याने रचणाऱ्याचे दोषही त्यांत नाहीत, म्हणून ते स्वतःप्रमाण आहेत, असा युक्तिवाद केला. न्यायदर्शनाने शब्दाला प्रमाण मानताना वेगळा आधार घेतला; ज्याला वस्तूचे यथार्थ ज्ञान आहे आणि जे आहे तेच सांगण्याची ज्याची इच्छा आहे अशा ‘आप्ता’चे वाक्य म्हणजे शब्दप्रमाण, अशी त्याची भूमिका आहे. बौद्ध तर्कपंडित दिङ्नाग याने मात्र ‘प्रमाणसमुच्चय’ या ग्रंथात प्रत्यक्ष आणि अनुमान ही दोनच प्रमाणे मान्य केली आणि शब्दाला स्वतंत्र प्रमाणाचे स्थान नाकारले. याचा अर्थ असा की, बौद्ध तर्कपरंपरेत बुद्धवचनसुद्धा केवळ बुद्धाचे आहे एवढ्यावरून सिद्ध ठरत नाही. ते अनुभवाला किंवा अनुमानाला उतरावे लागते.

दिङ्नागाच्या कितीतरी आधी पाली सुत्तांत हीच दिशा दिसते. अंगुत्तरनिकायातील केसमुत्ति सुत्तात, जे कालाम सुत्त म्हणून अधिक परिचित आहे, बुद्ध केसपुत्त गावच्या कालामांना सांगतो की, एखादी गोष्ट ऐकीव आहे, परंपरेने चालत आलेली आहे, पिटकात आहे किंवा सांगणारा आपला गुरू आहे, एवढ्या कारणाने ती स्वीकारू नका. पिटक म्हणजे धर्मवचनांचा संग्रह. म्हणजे संग्रहाने स्वतःच्याच पोटात स्वतःचे प्रामाण्य नाकारणारे वचन जपले आहे. मज्झिमनिकायातील अलगद्दूपम सुत्तात तर बुद्ध आपल्या धम्माला तराफ्याची उपमा देतो. नदी ओलांडण्यासाठी केलेला तराफा पैलतीरी पोचल्यावर डोक्यावर घेऊन कोणी चालत नाही, तसा धम्म पार होण्यासाठी आहे, कवटाळून बसण्यासाठी नाही, हे त्या उपमेचे तात्पर्य आहे. मग ज्यांनी हे वचन मानले त्यांनी हजारो सुत्ते शतकानुशतके पाठ केली, ताडपत्रांवर कोरली, भाषांतरित केली आणि समुद्रापार नेली, ती कोणत्या न्यायाने?

या प्रश्नाचे पहिले उत्तर परंपरेच्या इतिहासातच सापडते. सुत्ते दीर्घकाळ भाणकांच्या, म्हणजे विशिष्ट भाग मुखोद्गत करणाऱ्या भिक्खूंच्या, स्मरणात राहिली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात वट्टगामणी राजाच्या काळी सिंहलद्वीपात ती लिहून काढण्यात आली. परंपरेने ज्या दुष्काळाच्या आणि युद्धाच्या काळाचे वर्णन केले आहे, त्यात पाठ करणारी माणसेच नाहीशी होऊ लागली होती. विनयाच्या अट्ठकथेत, म्हणजे टीकाग्रंथात, एक लक्षणीय हकीकत आहे. महानिद्देस हा ग्रंथ ज्याला पाठ आहे असा एकच भिक्खू उरला होता आणि त्याचे आचरण भ्रष्ट होते. तरीही ग्रंथ नष्ट होऊ नये म्हणून एका ज्येष्ठ थेराने, मनाला न पटणारे असूनही, त्याच्याकडून तो शिकून घेतला. सांगणाऱ्याची योग्यता आणि सांगितलेल्या गोष्टीचे जतन यांची येथे स्पष्ट फारकत झालेली दिसते. आधी वचन टिकले पाहिजे, त्याची परीक्षा त्यानंतर. जे नाहीसेच झाले त्याची परीक्षा कोणी आणि कशी करायची?

डॉ. आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झालेल्या ग्रंथात हाच मुद्दा उलट बाजूने मांडला आहे. बुद्धाच्या हयातीतच त्याच्या वचनांचा विपर्यास होत असे, हे दाखविण्यासाठी ते अलगद्दूपम, महाकम्मविभंग, कण्णकत्थल, महातण्हासंखय आणि जीवक या पाच सुत्तांचा निर्देश करतात, आणि भाणकांच्या मौखिक परंपरेत असा विपर्यास अधिक संभवतो, असे सांगून बुद्धवचन कोणते हे ठरविण्यासाठी बुद्धिनिष्ठतेची कसोटी सुचवतात. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी की, विपर्यास झाला हे दाखविण्याचा पुरावासुद्धा त्या जपलेल्या संग्रहातूनच मिळाला. पिटक जपले गेले नसते तर पिटकाची चिकित्साही झाली नसती. जतन हे चिकित्सेचे पूर्वसाधन आहे, आणि प्रामाण्य नाकारणाऱ्यालाच त्याची गरज सर्वांत अधिक असते, कारण प्रामाण्य मानणाऱ्याचे काम एका पोथीवर भागते. चिकित्सकाला मात्र सर्व पोथ्या लागतात.

‘मिलिंदपञ्ह’मध्ये स्मृतीविषयीचा एक प्रश्न या संदर्भात महत्त्वाचा आहे. स्मृती किती प्रकारांनी उत्पन्न होते, असे राजाने विचारल्यावर नागसेन सतरा प्रकार सांगतो. काही पाठांत ही संख्या सोळा आहे. त्यांतील एक प्रकार ‘पोत्थकनिबंधन’, म्हणजे ग्रंथात केलेली नोंद, हा आहे. राजे एखादे शासन आठवावे म्हणून पुस्तक आणवतात आणि त्यावरून त्यांना आठवण होते. दुसरा प्रकार ‘उपनिक्खेप’, म्हणजे ठेव, हा आहे. जपून ठेवलेली वस्तू पाहिल्यावर ती कोणाची, कशासाठी ठेवली, हे स्मरते. ग्रंथालय आणि अभिलेखागार या दोन संस्थांचे काम या दोन प्रकारांत जवळजवळ पूर्णपणे सामावते, कारण ग्रंथालय नोंद जपते आणि अभिलेखागार, म्हणजे मूळ कागदपत्रांचे दालन, ठेव जपते. नागसेन या दोहोंना ज्ञानाचे स्वामी म्हणत नाही. तो त्यांना स्मृती जागी होण्याची कारणे म्हणतो. कागद स्वतः काहीच आठवत नाही. तो वाचणारा कोणी आला तरच त्यातून स्मृती उत्पन्न होते, आणि म्हणून कुलूपबंद कपाटातील ग्रंथ या व्याख्येप्रमाणे अर्धाच जपलेला असतो.

ग्रंथाविषयीची ही दुहेरी दृष्टी डॉ. आंबेडकरांच्या आयुष्यातही ठळकपणे दिसते. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या सत्याग्रह परिषदेत मनुस्मृतीचे जाहीर दहन झाले, आणि ज्यांच्या नेतृत्वाखाली ते झाले त्यांनीच पुढे काही वर्षांत मुंबईत दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ हे घर मुख्यतः ग्रंथांना जागा पुरावी म्हणून बांधले. १९१७ साली लंडनहून परतताना वेगळ्या जहाजाने पाठवलेले सामान, त्यातील ग्रंथांसह, जर्मन पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेले, तेव्हा ग्रंथनाशाचे दुःख काय असते हे त्यांनी स्वतः अनुभवले होते. दहन आणि संग्रह यांत वरवर विसंगती वाटते. परंतु महाडला जे जाळले गेले ते मनुस्मृतीचे शासन, म्हणजे तिचा राजवाद, होता. अभ्यासाचा विषय म्हणून मनुस्मृती त्यांनी कधीच टाकली नाही; शूद्र आणि अस्पृश्यतेच्या उगमाविषयीच्या त्यांच्या ग्रंथांत तिचे श्लोक पुराव्यादाखल पुनःपुन्हा येतात. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात जतन झालेल्या त्यांच्या संग्रहात, जॉन ड्यूई या आपल्या गुरूच्या ग्रंथांवरसुद्धा, त्यांनी पेन्सिलीने ओढलेल्या रेघा आढळतात. गुरूचे वचन खुणा करीत, पारखत वाचायचे असते, याची ही साक्ष आहे.

ग्रंथालयात ग्रंथाचे स्थान कसे पालटते, हे फडताळावरील क्रमांकांत अगदी जवळून पाहता येते. मेलव्हिल ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालाने १८७६ साली मांडलेली दशांश वर्गीकरणपद्धती ज्या ग्रंथालयांत वापरली जाते, तेथे धर्म या विषयाला २०० हा वर्ग मिळतो. भारतीय धर्मांना २९४, त्यात बौद्ध धर्माला २९४.३ आणि हिंदू धर्माला २९४.५ हे क्रमांक येतात. त्यामुळे त्रिपिटकाचे खंड आणि स्मृतिग्रंथ एकाच फडताळावर, हातभर अंतरावर, उभे राहतात. या पद्धतीतही पक्षपात आहे, कारण २२० ते २८० हे सारे क्रमांक ख्रिस्ती धर्माला वाहिले गेले आणि उरलेल्या जगाला एका वर्गात दाटीने बसवले गेले. परंतु तो पक्षपात उघड आहे, अभ्यासकांनी त्यावर टीका केली आहे आणि त्यात सुधारणाही होत आल्या आहेत. ग्रंथाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला क्रमांक त्याची पवित्रता हिरावत नाही. तो फक्त त्याला इतर ग्रंथांच्या शेजारी बसवतो, आणि शेजार मिळाला की तुलना सुरू होते. देव्हाऱ्यात एकट्या असलेल्या पोथीला प्रतिपक्ष नसतो. फडताळावर तो नेहमी हाताशी असतो.

मराठवाड्याच्या भूमीने ग्रंथ जपण्याचे दोन वेगळे मार्ग याआधीही पाहिले आहेत. चक्रधरस्वामींच्या आठवणींचा म्हाइंभटाने तेराव्या शतकात सिद्ध केलेला ‘लीळाचरित्र’ हा ग्रंथ आणि महानुभाव पंथाचे अन्य वाङ्मय पुढे ‘सकळ’सारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिले जाऊ लागले, ज्यांत एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर योजलेले असे. या गुप्ततेमुळे ग्रंथ सुरक्षित राहिले हे खरे, परंतु मराठीतील इतके समृद्ध गद्य शेकडो वर्षे मराठी वाचकांपासून दूर राहिले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केल्यानंतर, तसेच पंथातील महंतांनी अभ्यासकांना पोथ्या खुल्या केल्यानंतर, मराठी वाङ्मयाचा इतिहासच नव्याने लिहावा लागला. दुसरा मार्ग पैठणच्या एकनाथांचा आहे. ज्ञानेश्वरी रचली गेल्यावर सुमारे तीनशे वर्षांनी तिच्या प्रतींत पाठभेद शिरलेले पाहून त्यांनी शके १५०६, म्हणजे इसवी सन १५८४, मध्ये तिची शुद्ध प्रत सिद्ध केली. ज्या ग्रंथावर अपार श्रद्धा आहे त्याच्याच प्रतींवर शंका घेण्याचे धैर्य या कामाला लागते. डेक्कन कॉलेजमधून १९१८ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे आलेला सरकारी हस्तलिखितसंग्रह आणि त्याच संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात १,२०० हून अधिक हस्तलिखितांच्या आधारे सिद्ध केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती ही या दुसऱ्या मार्गाची आधुनिक परिणती आहे. श्रद्धा आणि चिकित्सा एकाच टेबलावर बसू शकतात, हे या दोन्ही उदाहरणांवरून सिद्ध होते.

यावर अनित्यतेचा आक्षेप उरतो. वाळवी, कसर, पावसाळी दमट हवा आणि लाकडाच्या लगद्यापासून केलेल्या कागदातील आम्ल यांपुढे कोणताही ग्रंथ कायमचा टिकत नाही. मग अनित्यता मान्य करणाऱ्याने एवढा खटाटोप का करावा? अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील शिलालेखात बुद्धभद्र या भिक्खूने या आक्षेपाला उत्तर देऊन ठेवले आहे, असे म्हणता येईल. अश्मक देशाच्या भव्विराज नावाच्या अमात्याच्या स्मरणार्थ लेणे अर्पण करताना, जगात स्मृती आहे तोवर मनुष्य स्वर्गसुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेतो टिकेल असे स्मारक पर्वतात करावे, अशा आशयाचे विधान तो करतो. सर्व संस्कार अनित्य आहेत ही शिकवण ज्याने जन्मभर घोकली त्या भिक्खूनेच हे कोरले, आणि यात विरोध मानण्याचे कारण नाही. अनित्यता ही उदासीनतेची सबब होऊ शकत नाही. जे आपोआप टिकणार नाही त्याचीच निगा राखावी लागते. तराफ्याच्या उपमेचाही अर्थ येथे पूर्ण होतो. पार गेलेल्याने तराफा सोडावा हे खरे, पण तो फोडून टाकावा असे बुद्ध सांगत नाही. ऐलतीरावर अजून माणसे उभी आहेत.

ऐलतीरावरच्या या माणसांचा विचार केला की क्रांती चौकाचा इतिहास विषयाच्या केंद्रस्थानी येतो. जून १८५७ मध्ये हैदराबाद कंटिंजंटच्या औरंगाबादेतील घोडदळात उठाव झाला, जनरल वुडबर्नच्या सैन्याने तो मोडून काढला, आणि पकडलेल्या शिपायांना ज्या काळ्या चबुतऱ्यापाशी देहांताच्या शिक्षा देण्यात आल्या ती जागा आज क्रांती चौक म्हणून ओळखली जाते. या घटनेचे जे सविस्तर लिखित वृत्तान्त उरले, ते प्रामुख्याने शिक्षा करणाऱ्यांच्या दप्तरांतले आहेत. शिक्षा झालेल्यांची बाजू लोकस्मृतीत राहिली, पण कागदावर फारशी आली नाही. राजवाद केवळ दंड करून थांबत नाही, तो नोंदीही स्वतःच्याच ठेवतो. म्हणून ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या नोंद करण्याचा अधिकार नव्हता, त्याच्या पहिल्या शिकलेल्या पिढीचे कागद हे कोणत्याही ताडपत्राइतकेच मोलाचे ठरतात. जुन्या महाविद्यालयाची प्रवेशनोंदवही, वसतिगृहाची यादी, वार्षिकांक, गॅदरिंगचे कार्यक्रमपत्रक आणि ग्रंथांची दाखल नोंदवही हे दस्तऐवज त्या दृष्टीने वाचले पाहिजेत. चिटणीसांचे ‘युगयात्रा’ नाटक, डॉ. म. ना. वानखेडे यांनी केलेली नव्या साहित्याची मांडणी आणि डॉ. गंगाधर पानतावणे यांनी चालविलेले ‘अस्मितादर्श’ त्रैमासिक यांची मुळे ज्या वातावरणात रुजली, ते वातावरण कोणत्या ग्रंथांनी, कोणत्या विद्यार्थ्यांनी आणि कोणत्या वादांनी घडवले, याचे उत्तर अशाच कागदांत असते.

यावरून आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर निश्चितपणे देता येते. ग्रंथ प्रमाण आहे म्हणून जपणारा त्याच्यापुढे हात जोडतो आणि थांबतो. ग्रंथ प्रमाण नाही हे जाणून जपणारा त्याला पुढच्या पिढीच्या परीक्षेसाठी ठेवतो, आणि ही दुसरी निष्ठा अधिक कठीण व अधिक उदार आहे, कारण तिच्यात आपलेच मत उद्या खोटे ठरण्याची तयारी गृहीत धरलेली असते. मिलिंदाने सिंहासनावरून ती तयारी दाखवली, म्हणून त्याचे नाव टिकले. आज मराठवाड्यातील जुन्या महाविद्यालयांनी आपल्या नोंदवह्या रद्दीत जाण्यापूर्वी त्यांची सूची करावी, दुर्मीळ ग्रंथांच्या आणि वार्षिकांकांच्या डिजिटल प्रती काढाव्यात आणि त्या कोणाही वाचकाला, तो कोणत्या जातीचा वा पक्षाचा आहे हे न विचारता, खुल्या कराव्यात. ज्या घरांत या पहिल्या पिढीची पत्रे, वह्या, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे ट्रंकेत पडून आहेत, त्या घरांनी ती जवळच्या ग्रंथालयाकडे सोपवावीत किंवा निदान त्यांच्या प्रती तेथे ठेवाव्यात. हे काम शासनाच्या आदेशाची वाट पाहत थांबू नये, आणि ते याच पिढीने केले पाहिजे, कारण त्या कागदांवरील नावे ओळखणारी माणसे अजून हयात आहेत.